जड स्वाराला पेलणारा घोडा, घोड्याला झेपणारा स्वार
नाशिक जिल्ह्यातील घोडेमालक, रपेट-प्रशिक्षक आणि स्वारांच्या संघटनेचे मागणीपत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, नाशिक
मा. आयुक्त, नाशिक महानगरपालिका
मा. जिल्हा पशुसंवर्धन उपायुक्त, नाशिक
मा. मुख्याधिकारी, त्र्यंबकेश्वर नगरपरिषद

विषय : स्वाराचे वजन व घोड्याची ताकद यांचा मेळ घालणारी नियमावली जिल्ह्यात लागू करण्याबाबत.

महोदय,

आमच्या संघटनेत वरातीला घोडी देणारे आहेत, पर्यटकांना रपेट घडवणारे आहेत, मुलांना मांड शिकवणारे प्रशिक्षक आहेत आणि हौसेने घोड्यावर बसणारे स्वारही आहेत. त्या स्वारांत 50 किलोचे आहेत तसे 100 किलोचेही आहेत. आमच्या धंद्यात रोज उभा राहणारा, पण कोणत्याही कागदावर न आलेला एक प्रश्न आम्ही आपल्यासमोर मांडत आहोत : थोराड बांध्याच्या माणसाला कोणता घोडा द्यायचा?

आज या प्रश्नाची दोनच उत्तरे मिळतात आणि दोन्ही वाईट आहेत. कुठे जड माणसाला चारचौघांत नकार मिळतो आणि तो मान खाली घालून परततो. कुठे मालक पोटासाठी गप्प बसतो, आहे त्या तट्टावर त्याला चढवतो आणि संध्याकाळी त्या जनावराची पाठ सुजलेली दिसते. पहिल्या उत्तरात माणसाचा अपमान होतो, दुसऱ्यात जनावराचे हाल. माणसाला सन्मान मिळावा आणि घोड्याची पाठ शाबूत राहावी, हे एकाच नियमावलीत बसू शकते, अशी आमची खात्री आहे. म्हणून हे मागणीपत्र.

नाशिकनेच यात पुढाकार का घ्यावा

घोड्याशी नाशिक जिल्ह्याचे नाते आजचे नाही. येवल्याचा मंगळवारचा घोडेबाजार राज्यभर ठाऊक आहे. डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे यांनी 1937 साली सुरू केलेल्या भोसला मिलिटरी स्कूलमध्ये अश्वारोहण हा शिक्षणाचा भाग आहे. महाराष्ट्र पोलीस अकादमी याच शहरात आहे आणि तिथे प्रशिक्षणार्थींना घोड्यावर बसवले जाते. जवळच्या नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीला यात्रा भरते, तिथे जातिवंत घोड्यांची मोठी उलाढाल होते. जाणकार मालक, चांगले प्रशिक्षक, नालबंद, पशुवैद्य आणि बाजार हे सगळे एका जिल्ह्याच्या आवाक्यात असताना नियमावलीही इथेच आधी व्हायला हवी.

दुसरे कारण तातडीचे आहे. सिंहस्थ येऊन ठेपला आहे. आखाड्यांच्या नगरप्रवेशाला आणि 2027 च्या अमृतस्नानांच्या मिरवणुकांना घोडे लागणार आणि ते ठिकठिकाणांहून येणार. गर्दी, वाद्यांचा गजर, डांबरी रस्ता, तासन्‌तास उभे राहणे आणि पाठीवर पूर्ण वाढीचा माणूस, हे सारे एकाच वेळी त्या जनावराच्या वाट्याला येईल. तयारी आत्ता झाली नाही, तर ऐनवेळी होणार नाही.

कायदा काय सांगतो आणि कुठे अपुरा पडतो

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा 1960 चा केंद्रीय कायदा जनावरावर प्रमाणाबाहेर भार लादणे आणि त्याला झेपणार नाही इतके स्वारीसाठी पिटाळणे, या दोन्हींना गुन्हा ठरवतो. पण पहिल्यांदा गुन्हा केल्यास दंड 10 ते 50 रुपये आहे. या रकमेत आज धड चहा-नाश्ताही होत नाही.

1965 च्या ओझेवाहू जनावरांच्या नियमांत आकडे आहेत. तट्टावर 70 किलोपेक्षा, खेचरावर 200 किलोपेक्षा आणि गाढवावर 50 किलोपेक्षा जास्त ओझे लादता येत नाही. दिवसात एकूण 9 तासांपेक्षा जास्त आणि सलग 5 तासांपेक्षा जास्त राबवता येत नाही. जिथे पारा 37 अंशांच्या वर जातो, तिथे दुपारी 12 ते 3 या वेळात जनावर कामाला लावता येत नाही. नाशिकचा एप्रिल-मे आणि त्याच महिन्यांतली लग्नसराई डोळ्यांसमोर आणली, तर हा शेवटचा नियम आपल्याकडे किती लागू पडतो ते वेगळे सांगायला नको.

अडचण अशी की हे नियम ओझ्याच्या जनावरासाठी लिहिलेले आहेत. पाठीवर बसलेल्या माणसाचे वजन किती चालेल, हे ते सांगत नाहीत. शिवाय तट्टू लहान असो की मोठे, आकडा एकच. त्यामुळे मालकाला काय पाळायचे ते कळत नाही आणि निरीक्षकाला काय तपासायचे तेही कळत नाही.

मोजमापाने काय दिसते

घोड्याला वजनकाट्यावर न नेताही त्याचे वजन काढता येते. साधी कापडी टेप पुरते. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर घ्यायचा, खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंत लांबी घ्यायची, दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले 11,880. येणारा आकडा म्हणजे घोड्याचे अंदाजे वजन किलोमध्ये.

छातीचा घेर 150 आणि लांबी 130 सेंटिमीटर असलेले तट्टू घ्या. वजन आले सुमारे 246 किलो. जगभरच्या घोडेस्वारीत स्वार आणि सामान मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापर्यंत, म्हणजे 20 टक्क्यांपर्यंत भार चालतो, असा संकेत आहे. या तट्टाला म्हणजे 49 किलो. खोगीर, लगाम, रिकिबी यांचे 8 किलो वजा केले की उरतात 41. हे तट्टू शाळकरी मुलाचे आहे, त्याच्या वडिलांचे नाही. 1965 च्या नियमातले 70 किलोसुद्धा त्याच्या वजनाच्या 28 टक्के होतात.

आता वरातीची घोडी. घेर 170, लांबी 150, वजन 365 किलो. पाचवा हिस्सा 73 किलो. समजा नवरदेव 92 किलोचा आहे, पुढ्यात 15 किलोचा भाचा बसवला आहे आणि खोगीर, जरीची झूल, साज मिळून 12 किलो आहेत. एकूण 119 किलो, म्हणजे घोडीच्या वजनाच्या जवळजवळ 33 टक्के. आणि हे सारे घेऊन ती घोडी चालतही नाही. बँडपुढे ती दोन-दोन तास जागच्या जागी पाय बदलत उभी असते.

उलट बाजूने हिशेब केला तर 100 किलोच्या स्वाराला 10 किलोच्या सामानासह 550 किलोचा घोडा हवा. असे घोडे आपल्याकडे कमी आहेत, पण अजिबात नाहीत असे नाही. थोरोब्रेड रक्ताचे, हाडापेराने दणकट असे काही घोडे या वजनाच्या जवळ जातात. ते कुठे आहेत हे कळण्याची सोय मात्र नाही.

हा पाचव्या हिश्श्याचा संकेत अभ्यासातूनही तपासला गेला आहे. अमेरिकेतील ओहायो राज्यात आठ घोड्यांवर 15, 20, 25 आणि 30 टक्के भार घालून केलेला अभ्यास 2008 साली प्रसिद्ध झाला. 25 आणि 30 टक्क्यांना घोड्यांच्या हृदयाचे ठोके आणि स्नायूंचे दुखणे वाढले. ज्यांची कंबर रुंद आणि पायाची नळी जाड होती, त्यांना त्रास कमी झाला. ब्रिटनमध्ये 2019 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चार वेगवेगळ्या वजनांचे स्वार सहा घोड्यांवर बसवले. सर्वांत जड दोन स्वारांच्या चाचण्या मध्येच थांबवाव्या लागल्या, कारण बहुतेक वेळा घोडे तात्पुरते लंगडू लागले. खोगीर स्वाराच्या बांध्याला पुरेसे आहे की नाही, यालाही तितकेच महत्त्व असल्याचे त्या संशोधकांनी नोंदवले. ग्रीसच्या सरकारने तर 2018 साली पर्यटकांना वाहणाऱ्या गाढवांसाठी 100 किलो किंवा जनावराच्या वजनाचा पाचवा हिस्सा ही मर्यादा जाहीर केली. सँटोरिनी बेटाच्या पायऱ्यांवर जे करता आले, ते गोदाकाठी करता येईल.

जड स्वाराचा घोडा कसा निवडावा

पहिला गैरसमज उंचीचा. उंच घोडा म्हणजे जड माणसाचा घोडा, असे लोक धरून चालतात. लांब पायांचा, बारीक नळीचा, लांब पाठीचा उंच घोडा जड माणसाखाली लवकर थकतो. आखूड व भरीव पाठ, रुंद कंबर, फासळ्यांचा गोल घेर, जाड नळी, रुंद व निरोगी खूर असलेला मध्यम उंचीचा घोडा जास्त पेलतो. बाजारात दात पाहतात, रंग पाहतात, भोवरे आणि देवमण पाहतात, चाल पाहतात. नळीला टेप लावणारा गिऱ्हाईक विरळा.

दुसरा गैरसमज लठ्ठपणाचा. चरबी चढलेल्या घोड्याचे वजन टेपवर जास्त भरते, म्हणून तो जास्त भार घेईल असे नाही. त्याच्या पायांवर स्वतःचाच जास्तीचा भार आधीपासून आहे. म्हणून मर्यादा ठरवताना त्या घोड्याचे योग्य वजन धरायचे, सुटलेले नाही. हे ठरवायला पशुवैद्यच हवा.

तिसरी गोष्ट वय आणि स्वभाव. कोवळ्या हाडाचे शिंगरू किंवा उतारवयाचा घोडा जड स्वाराला देऊ नये. घोडा शांत आणि बिनखोडीचा हवा, कारण जड स्वाराचा तोल गेला तर सावरायला वेळ लागतो आणि दोघांनाही इजा होते. मारवाडी आणि काठियावाडी घोड्यांची रेवाल चाल इथे उपयोगी पडते. पाठ कमी हलते, स्वार आदळत नाही आणि आदळणारे वजन हेच पाठीचे खरे दुखणे असते. तोल सांभाळून बसलेला 85 किलोचा शिकलेला स्वार आणि पोत्यासारखा लोंबणारा 70 किलोचा नवखा यांत घोड्याला पहिला परवडतो.

चौथी गोष्ट चढण्याची. जड माणूस जमिनीवरून डाव्या रिकिबीत पाय देऊन वर ओढला जातो, तेव्हा खोगीर एका बाजूला सरकते, तंग कातडीत रुततो आणि घोड्याचा कणा पिळवटतो. त्या चार सेकंदांतही घोड्याच्या पाठीला इजा होऊ शकते. गुडघ्याच्या वर उंचीचा एक पक्का चौथरा बांधला की ही इजा टळते. सगळ्या मागण्यांत ही सर्वांत स्वस्त आहे.

आपल्या मातीतल्या भीमथडी घोड्याचा इथे मुद्दाम उल्लेख करतो. दख्खनच्या दऱ्याखोऱ्यांत मराठ्यांच्या फौजा ज्या तट्टांवर दौडल्या, त्यांचा वारसा सांगणारा हा चिवट घोडा आहे. आजही धनगर बांधवांचे बिऱ्हाड तो वाहतो आणि स्वतंत्र देशी जात म्हणून त्याची राष्ट्रीय पातळीवर नोंद झाली आहे. त्याचा अभिमान आम्हाला आहे, म्हणूनच त्याच्या लहान चणीवर 95 किलोचा पर्यटक बसवू नये, असे आम्ही म्हणतो. चिपळूणजवळच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना छत्रपती शिवाजी महाराजांनी पत्र लिहून पावसाळाभर दाणावैरण पुरवून वापरा, नाहीतर घोडी उपाशी मरतील, असे बजावले होते. घोड्याच्या कुवतीचा आधी विचार करायचा, ही शिकवण आपल्या घरचीच आहे.

आमच्या मागण्या

1. प्रत्येक घोड्याचे मोजमाप आणि ओळखपत्र. पशुसंवर्धन विभागाने भाड्याने चालणाऱ्या प्रत्येक घोड्याची दर सहा महिन्यांनी मोफत तपासणी करावी. उंची, घेर, लांबी, योग्य वजन, पाठ व खुरांची स्थिती नोंदवून त्या घोड्याची भारमर्यादा किलोमध्ये ओळखपत्रावर लिहावी.

2. भारमर्यादेचा स्पष्ट नियम. सपाट जागेवर स्वार व सामान मिळून घोड्याच्या योग्य वजनाच्या 20 टक्क्यांपर्यंत. चढ-उतार, दगडी वाट किंवा उन्हाळ्यात 15 टक्क्यांपर्यंत. तट्टाच्या बाबतीत 70 किलोची कायदेशीर कमाल स्वारालाही लागू धरावी आणि दोन्हींपैकी जो आकडा कमी तो पाळावा.

3. वजनकाटा, पण आडोशाला. प्रत्येक रपेटीच्या ठिकाणी प्रमाणित वजनकाटा असावा. वजन आडोशात घ्यावे, आकडा मोठ्याने सांगू नये. काट्यावरून उतरताना स्वाराला फक्त रंगाची चिठ्ठी मिळावी आणि त्या रंगाचा घोडा त्याच्यासमोर यावा. वरातीसाठी नोंदणी करतानाच नवरदेवाचे वजन अर्जात लिहून घ्यावे. नवरदेवाबरोबर दुसरे कोणी बसवू नये.

4. नकाराबरोबर पर्याय. पेलणारा घोडा नसेल तर बग्गी किंवा टांगा, किंवा घोड्याची ओळख, खरारा आणि लगाम धरून चालवण्याचे शिक्षण, असा पर्याय त्याच दरात द्यावा. गाडीत भार चाकांवर जातो, पाठीवर पडत नाही; म्हणून जड माणसाची हौस तिथे घोड्याला न दुखवता भागते.

5. चौथरा आणि खोगीर. परवाना असलेल्या प्रत्येक ठिकाणी चढण्याचा चौथरा बंधनकारक करावा. रुंद बैठकीची, कण्यावर न टेकणारी आणि शेवटच्या फासळीच्या मागे न जाणारी खोगिरे घेण्यासाठी मालकांना अर्धे अनुदान द्यावे.

6. मोठ्या हाडाच्या घोड्यांसाठी अर्थसाहाय्य. केंद्र सरकारने फेब्रुवारी 2024 मध्ये राष्ट्रीय पशुधन अभियानात घोडा, गाढव, खेचर आणि उंट यांचा समावेश केला. या जनावरांच्या उद्योगासाठी व्यक्ती, बचत गट व शेतकरी उत्पादक कंपन्यांना 50 टक्के, कमाल 50 लाख रुपयांपर्यंत भांडवली अनुदान मिळू शकते. आमच्यातल्या बहुतेक मालकांना अर्ज कसा करायचा हेच ठाऊक नाही. जिल्हा पशुसंवर्धन कार्यालयात यासाठी मदतकक्ष उघडावा आणि बँकांना सूचना द्याव्यात.

7. येवल्याच्या बाजारात मोजमाप केंद्र. बाजाराच्या दिवशी पशुवैद्य, मोजपट्टी आणि सल्ला देणारा जाणकार उपलब्ध असावा. सावली आणि पाणी पुरेसे असावे. विकत घेणाऱ्याला घोड्याची भारमर्यादा कळली की चुकीचा सौदा होणार नाही.

8. सिंहस्थासाठी वेगळी व्यवस्था. मिरवणुकीतल्या प्रत्येक घोड्याची आधी नोंदणी, ग्लँडर्स या रोगाची तपासणी आणि भारमर्यादेचे ओळखपत्र असावे. मार्गावर ठराविक अंतराने पाणी, सावली आणि घोडा बदलण्याची जागा असावी. स्वारांचे वजन आणि घोडा यांचा मेळ आखाड्यांच्या व्यवस्थापकांशी चर्चा करून आधीच ठरवावा. साधुमहंतांचा मान राखूनच हे करता येईल.

9. प्रशिक्षण. जिल्ह्यातील शासकीय व शैक्षणिक अश्वशाळांच्या प्रशिक्षकांची मदत घेऊन मालक व मोतद्दारांसाठी वर्षातून दोनदा मोफत शिबिर भरवावे. जड स्वारांसाठीही मांड आणि तोल शिकवणारे वर्ग असावेत.

10. आधी शिक्षण, मग दंड. जिल्हा प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटीत आमच्या संघटनेचे दोन प्रतिनिधी घ्यावेत. पहिल्या वेळी समज व प्रशिक्षण, दुसऱ्या वेळी परवाना निलंबन, तिसऱ्या वेळी रद्द, असा क्रम असावा. स्वाराने खोटी माहिती दिली किंवा जबरदस्तीने चढला, तर दोष मालकावर येऊ नये.

आमची बांधिलकी

मागण्या करून आम्ही हात झटकणार नाही. नियमावली येईपर्यंत आमचे सभासद स्वतः टेप घेऊन आपल्या घोड्यांचे घेर आणि लांबी मोजतील व आकडा तबेल्यावर लिहितील. ज्या घोड्याची पाठ लागलेली आहे, त्यावर खोगीर चढणार नाही. दुपारी 12 ते 3 या वेळात उन्हाळ्याच्या रपेटी बंद राहतील. वजनाबद्दल गिऱ्हाइकाला टोमणा मारणाऱ्या सभासदाला संघटना जाब विचारेल.

मुंबईतल्या व्हिक्टोरिया घोडागाड्यांचा धडा आमच्यासमोर आहे. वेळेवर नियमन झाले नाही, जनावरांचे हाल चालू राहिले आणि 2015 साली मुंबई उच्च न्यायालयाने त्या गाड्या बेकायदा ठरवून बंद करण्याचा आदेश दिला. त्यात घोडे सुटले, पण पिढ्यान्‌पिढ्यांचा रोजगारही गेला. नाशिकवर ती वेळ येऊ नये. धंदा टिकवायचा असेल तर घोडा टिकला पाहिजे, आणि घोडा टिकवायचा असेल तर त्याच्या पाठीवर किती वजन पडते हे मोजले पाहिजे.

तरी वरील मागण्यांवर आपण संबंधित विभाग आणि आमचे प्रतिनिधी यांची संयुक्त बैठक 30 दिवसांच्या आत बोलवावी, तसेच सिंहस्थाच्या मिरवणुकांआधी भारमर्यादेची नियमावली लेखी आदेशाने लागू करावी, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.

आपले,
अध्यक्ष, सचिव आणि सर्व सभासद
नाशिक